निसटत्या चाकाचा पाठलाग

पावसाळ्याच्या पहिल्या सरीत घाटरस्त्यावर मोटारीचे एखादे चाक जागच्या जागी फिरू लागले, की डॅशबोर्डवर वेड्यावाकड्या रेघा मागे सोडणाऱ्या गाडीचे छोटे पिवळे चित्र लुकलुकते आणि विझून जाते. तेवढ्या वेळात गाडीतील संगणकाने निसटणाऱ्या चाकाचा ब्रेक आवळलेला असतो, गरज पडल्यास इंजिनाचा जोरही कमी केलेला असतो. गाडी चालवणाऱ्याला बहुधा याचा पत्ताही नसतो. मराठवाड्याच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला, तर त्यावर बसलेला माणूस हेच काम पायाने करतो. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना ब्रेकचे दोन वेगळे पेडल असतात. जे चाक नुसताच चिखल उडवत असेल, त्याच बाजूचा ब्रेक तो हलकेच दाबतो आणि दुसरे चाक जमीन धरते.

संगणकाची आणि शेतकऱ्याची युक्ती एकच आहे. या युक्तीच्या, आणि तिला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका यंत्रयोजनेच्या इतिहासात उत्तर आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा दोन्हीकडे उभा असलेला दिसतो. त्याचे नाव हॅरी फर्ग्युसन. फर्ग्युसन म्हटले की पुणेकरांना कॉलेज आठवणार, हे ओघाने आलेच. पण १८८५ साली स्थापन झालेल्या त्या महाविद्यालयाला नाव मिळाले ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे. त्यांचा या यंत्रवेड्या माणसाशी संबंध नाही. आपल्याकडे या दुसऱ्या फर्ग्युसनचे नाव पोहोचले ते शेतातून, ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून.

हॅरी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी काउंटी डाउनमधील ड्रोमोरजवळच्या ग्रोवेल या गावी झाला. घरात अकरा भावंडे, वडील कमालीचे धार्मिक आणि शिस्तीचे. शेतीची अंगमोड करणारी कामे हॅरीला मनापासून नकोशी होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि कॅनडाला निघून जाण्याचे बेत सुरू झाले. तेवढ्यात थोरला भाऊ जो याने बेलफास्टमध्ये सायकली व मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान थाटले आणि १९०२ मध्ये हॅरी तिथे उमेदवारीला लागला. कॅनडा राहून गेला. शेतीचा तिटकारा असलेल्या या मुलाने पुढे शेतीच बदलून टाकली, हा योगायोग मोठा मजेशीर आहे.

दुकानात त्याचा हात लवकरच बसला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा कारागीर म्हणून त्याची ख्याती झाली. मोटारसायकलच्या शर्यती झाल्या, मग विमानाचे वेड लागले. १९०९ मध्ये ऱ्हेम्स आणि ब्लॅकपूल येथील विमानमेळे पाहून तो परतला, स्वतःचे एकपंखी विमान बांधले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, हिल्सबरो येथे सुमारे १२० मीटर उडून दाखवले. आयर्लंडच्या भूमीवरून यांत्रिक विमानाचे ते पहिले उड्डाण. पण अपघात होत राहिले, भावाशी मतभेद वाढले आणि १९११ मध्ये हॅरी यांनी बेलफास्टमध्येच मोटारविक्रीचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. विमान मागे पडले ते कायमचे.

पहिल्या महायुद्धाने त्यांना पुन्हा शेतात आणून सोडले. अन्नटंचाईच्या भीतीने आयर्लंडमध्ये जास्तीत जास्त जमीन नांगराखाली आणायची होती. अमेरिकी ट्रॅक्टर विकणाऱ्या फर्ग्युसन यांच्यावर १९१७ मध्ये आयरिश शेती खात्याने त्या ट्रॅक्टरांची कामगिरी सुधारण्याची जबाबदारी टाकली. विली सँड्स या आपल्या निष्णात मेकॅनिकला घेऊन ते शेतोशेत हिंडले आणि जे दिसले त्याने अस्वस्थ झाले. ट्रॅक्टर म्हणजे घोड्याच्या जागी जुंपलेले लोखंडी धूड होते. नांगर त्याच्यामागे साखळीने किंवा दांडीने नुसता ओढला जाई. चाकांना पकड मिळावी म्हणून ट्रॅक्टर जड करायचा, आणि जड केला की तो जमीन दाबून टाकणार, रुतणार, इंधन पिणार. त्याहून वाईट म्हणजे नांगराचा फाळ जमिनीतल्या दगडाला अडकला, तर मागची चाके थांबत, इंजिन मात्र जोर करीतच राही आणि हलक्या ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो चालकावर उलटा पडे. त्या वर्षी बाजारात आलेला हेन्री फोर्ड यांचा स्वस्त आणि हलका फोर्डसन या दोषासाठी कुप्रसिद्ध झाला. अनेक शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरखाली चिरडून मेले.

फर्ग्युसन यांचे उत्तर वरवर साधे होते. नांगर ओढायचा नाही, ट्रॅक्टरचाच अवयव करायचा. खाली दोन दांडे, वर एक, अशा तीन बिंदूंनी अवजार ट्रॅक्टरला जोडायचे. मग जमिनीचा विरोध मागच्या चाकांना खाली दाबतो आणि वरचा दांडा ट्रॅक्टरचे नाक जमिनीवर धरून ठेवतो. पकडीसाठी लागणारे वजन लोखंड वाढवून नव्हे, तर कामातूनच मिळवायचे, आणि तेही जेवढे काम जड तेवढेच. १९२६ मध्ये पेटंट मिळालेल्या पुढच्या पायरीत हायड्रॉलिक यंत्रणा आली. फाळावरचा ताण वाढला की ती आपोआप ओळखायची आणि चाके घसरण्याआधीच नांगर बोटभर वर उचलायची. चाकावरचा भार जाणून घेऊन माणसाने हात लावण्याआधी तो कमीजास्त करणारी ही योजना, विजेच्या एका तारेशिवाय. इंजिनाचा जोर आपोआप आवरणाऱ्या आजच्या मोटारींचा विचार या नांगराच्या फार जवळचा आहे. फर्ग्युसन यांच्या चरित्रात हा धागा सहसा सुटून जातो.

१९३३ मध्ये पहिला नमुना तयार झाला. काळ्या रंगामुळे त्याला ब्लॅक ट्रॅक्टर म्हणतात. हडर्सफील्डच्या डेव्हिड ब्राउन यांच्याबरोबर १९३६ पासून उत्पादन सुरू झाले, पण दोघांचे पटले नाही. फर्ग्युसन यांचे फारसे कोणाशी पटतच नसे. शिडशिडीत, ठेंगणा बांधा, कपड्यांना कधी घडी मोडलेली नाही, कारखान्यात कचऱ्याचा कण खपायचा नाही, आणि आपले म्हणणे अंतिम सत्य आहे याविषयी तिळमात्र शंका नाही, असा हा माणूस. ऑक्टोबर १९३८ मध्ये तो अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या शेतावर आपला ट्रॅक्टर घेऊन गेला. प्रात्यक्षिक पाहून फोर्ड प्रभावित झाले आणि दोघांनी हात मिळवले. ट्रॅक्टर फोर्ड बनवणार, फर्ग्युसन विकणार. कागद नाही, सही नाही. या करारावर १९३९ पासून तीन लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. पुढे सूत्रे नातू हेन्री फोर्ड दुसरे यांच्याकडे गेली आणि १९४७ मध्ये त्यांनी तो तोंडी करार मोडून स्वतःचा ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यात फर्ग्युसन यांची यंत्रणा होतीच. फर्ग्युसन यांनी २५ कोटी डॉलरचा दावा ठोकला. चार वर्षांच्या न्यायालयीन झुंजीनंतर १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली.

तोवर इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात, स्टँडर्ड मोटर कंपनीच्या मदतीने, १९४६ पासून करड्या रंगाचा टीई-२० हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला होता. दहा वर्षांत पाच लाख सतरा हजारांहून अधिक ट्रॅक्टर बनले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीच्या ट्रॅक्टरांवर साखळपट्टे चढवून. या ट्रॅक्टरच्या मागच्या प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक होता. ही सोय एकट्या फर्ग्युसन यांची नव्हे, इतरांच्या ट्रॅक्टरांतही ती असे; बांधाशी अरुंद जागेत वळण्यासाठी तिचा मुख्य उपयोग. पण चिखलात ती आणखी एक काम करी, आणि ते समजून घ्यायचे तर डिफरन्शियलकडे वळावे लागते.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट न बसवता मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी बसवतात. ती दोन्ही बाजूंना वेगळ्या गतीने फिरू देते, मात्र पीळ दोन्ही बाजूंना सारखाच देते. या समन्यायातच तिचा दोष आहे. एक चाक चिखलात गेले की त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, एवढा जोर मिळतो. एक चाक भिरभिरते, दुसरे गप्प उभे असते.

यावर दोन उपाय. भिरभिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा, हा पहिला. चिखलाने न दिलेला विरोध ब्रेकने निर्माण केला, की डिफरन्शियल फसते आणि दुसऱ्या चाकाला तेवढाच पीळ पाठवते. खर्च शून्य, कारण ब्रेक गाडीला असतातच. पण पकड असलेल्या चाकाकडे जितका जोर जातो तितकाच भिरभिरणाऱ्या बाजूला ब्रेकशी झुंजतो आणि तिथे फिरणाऱ्या चाकाबरोबर शक्तीची राख होते. लांब चढावर हे फार वेळ चालले तर ब्रेक तापतात. शिवाय चाक आधी घसरलेले दिसावे लागते, मगच इलाज सुरू होतो.

दुसरा उपाय डिफरन्शियललाच लगाम घालण्याचा. आत चकत्यांचे क्लच, विशिष्ट दातेरी चाके किंवा घट्ट द्रव अशी काही योजना करून दोन्ही बाजूंच्या गतीतला फरक एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचा नाही. हे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. १९३० च्या दशकात जर्मनीच्या ऑटो युनियन कंपनीच्या शर्यतीच्या मोटारींत ते आले. यात शक्ती ब्रेकमध्ये जळत नाही, ती आतल्या आत पकड असलेल्या चाकाकडे वळते. चालकाला वळणातून बाहेर पडताना सलग, समंजस जोर मिळतो. पण यंत्र महाग, चकत्या झिजतात, तेल खास लागते आणि वळणात गाडी सरळ जाण्याचा हट्ट धरू शकते. केवळ दातेरी चाकांवर चालणारा प्रकार तर एक चाक पूर्ण हवेत गेले की हतबल होतो, आणि तिथे पुन्हा ब्रेकचीच मदत घ्यावी लागते.

फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरमध्ये पहिला उपाय शेतकऱ्याच्या पायाखाली ठेवला. मोटारीच्या बाबतीत मात्र त्यांनी दुसरा, खर्चिक मार्ग धरला आणि आयुष्याची शेवटची दहा वर्षे त्यावर घालवली.

१९५० मध्ये त्यांनी हॅरी फर्ग्युसन रिसर्च ही संस्था उभी केली. तिच्या मुळाशी होते शर्यतपटू फ्रेडी डिक्सन आणि मेजर टोनी रोल्ट. रोल्ट हे महायुद्धात कोल्डिट्झच्या जर्मन किल्ल्यात कैदी होते. तिथे माळ्यावर लपूनछपून ग्लायडर बांधून पळून जाण्याचा जो अचाट बेत झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे १९५३ मध्ये त्यांनी ल माँची चोवीस तासांची शर्यतही जिंकली. अ‍ॅस्टन मार्टिनमधून आलेले अभियंते क्लॉड हिल यांनी यंत्ररचनेची जबाबदारी घेतली. चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी आणि ब्रेक लावला तरी कोणतेही चाक जाम न होणारी रोजच्या वापराची मोटार बनवायची, हे उद्दिष्ट. रस्त्यावर माणसे मरतात ती मोटार घसरते म्हणून, आणि हे थांबवणे अभियंत्याचे काम आहे, अशी फर्ग्युसन यांची धारणा होती. ट्रॅक्टरखाली मेलेल्या शेतकऱ्यांपासून ती एका सरळ रेषेत आलेली दिसते.

१९५३ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाला. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक उरला, तेव्हा फर्ग्युसन यांनी नाणे उडवून निकाल लावण्याचे सुचवले आणि ते हरले. वर्षभरातच अध्यक्षपद सोडून ते मोकळे झाले आणि पैसा, वेळ, हट्ट सारे मोटारीकडे वळले.

या मोटारीचे मर्म पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध बसवलेल्या डिफरन्शियलमध्ये होते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडे अधिक अंतर कापतात, तेवढा फरक ते निमूटपणे सोसत असे. फरक त्याहून वाढला, म्हणजे कुठली तरी जोडी घसरू लागली, की आतले एकदिशा क्लच अडकत आणि पुढचा व मागचा दांडा एकत्र बांधले जात. याचा एक लाभ ब्रेक लावतानाही मिळे. दोन्ही दांडे बांधलेले असल्याने पुढची किंवा मागची जोडी एकटीच जाम होऊ शकत नसे. विमानांच्या चाकांसाठी डनलॉप कंपनीने तयार केलेले मॅक्सारेट हे ब्रेक सोडून-धरणारे उपकरण मग प्रत्येक चाकाला लावण्याची गरज राहिली नाही. गिअरबॉक्सपाशी एकच बसवले की भागत होते. डिफरन्शियल आणि ब्रेक हे प्रतिस्पर्धी नसून एकाने दुसऱ्याचे काम हलके करावे, अशी ही रचना होती. पुढे अनेक मोटारींत घट्ट बांधलेले डिफरन्शियल आणि चार चाकांचे वेगळे ब्रेक-संवेदक यांचे जमता जमेना. चाके एकमेकांशी बांधलेली असली की कुठले चाक खरोखर जाम होते आहे, हे संगणकाला नीट कळत नाही. फर्ग्युसन यांच्या मंडळींपुढे हा पेच उभाच राहिला नाही.

नमुन्याच्या मोटारी धावल्या, कारखानदारांनी पाहिल्या, वाखाणल्या. उत्पादनात मात्र कोणी घेतल्या नाहीत. ग्राहकाला दिसणार नाही अशा वस्तूसाठी किंमत कोण वाढवणार? शेतकऱ्याला तीन दांड्यांचा फायदा एका तासाच्या नांगरणीत दाखवता येत होता. मोटारवाल्याला मात्र घसरून न झालेला अपघात कसा दाखवायचा? विक्रीच्या कलेत आयुष्यभर बाजी मारणारे फर्ग्युसन इथे अडले. अखेर शर्यतीच्या मैदानावरच सिद्ध करायचे ठरले आणि पी-९९ या फॉर्म्युला वन मोटारीचे काम सुरू झाले.

ती पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. नैराश्याच्या झटक्यांनी ते बरीच वर्षे त्रस्त होते. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशायरमधील अ‍ॅबट्सवूड या राहत्या घरी त्यांचा मृत्यू झाला. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. ती चुकून की जाणूनबुजून, याचा निर्णय चौकशीत होऊ शकला नाही. ते ७५ वर्षांचे होते.

पी-९९ जुलै १९६१ मध्ये एन्ट्रीच्या ब्रिटिश ग्रां प्रीत उतरली. जॅक फेअरमन आणि नंतर स्टर्लिंग मॉस यांनी ती चालवली, पण ढकलून सुरू केल्याच्या कारणावरून बाद ठरली. दोन महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, ओल्टन पार्कच्या गोल्ड कप शर्यतीत ट्रॅक ओला होता. मॉस यांनी तीच मोटार पुन्हा घेतली आणि जिंकली. चारही चाकांना जोर असलेल्या मोटारीने फॉर्म्युला वनची शर्यत जिंकण्याचा तो पहिला प्रसंग आणि आजवरचा एकमेव. १९६४ मध्ये पीटर वेस्टबरी याच मोटारीवर ब्रिटनचा डोंगरचढ अजिंक्यवीर झाला. १९६७ च्या इंडियानापोलिस शर्यतीत फर्ग्युसन पद्धतीची टर्बाइन मोटार शेवटून तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत आघाडीवर होती. एका बेअरिंगने दगा दिला. नंतर रुंद टायर आणि मोटारीला खाली दाबणारे पंख आले, शर्यतीत चार चाकांच्या जोराचे वजन परवडेना आणि हा अध्याय मिटला.

रस्त्यावरची मोटार आली ती १९६६ मध्ये, जेन्सन एफएफ या नावाने. फर्ग्युसन रचनेची चार चाके आणि मॅक्सारेट ब्रेक, दोन्ही एकत्र. यंत्राच्या ठेवणीमुळे डावीकडे स्टिअरिंग बसवणे शक्य नव्हते, म्हणून अमेरिकेची बाजारपेठ बंद, किंमतही भारी. १९७१ पर्यंत अवघ्या ३२० गाड्या बनल्या. त्याच वर्षी रोल्ट यांनी एफएफ डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढून एकदिशा क्लचच्या जागी सिलिकॉन द्रवात फिरणाऱ्या चकत्यांचे व्हिस्कस कपलिंग पुढे नेले. स्वस्त आणि सौम्य असे ते यंत्र अमेरिकेच्या एएमसी ईगलपासून अनेक मोटारींत गेले.

बाजार मात्र ब्रेकच्या बाजूने झुकला. १९७८ मध्ये मर्सिडीज एस-क्लासमध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस यंत्रणा आली. प्रत्येक चाकाचा वेग मोजणारे संवेदक आणि ब्रेक सोडणारे-धरणारे पंप एकदा बसले, की त्यांच्याचकडून भिरभिरणारे चाक आवळून घ्यायला फक्त थोडी अधिक हुशारी पुरवायची होती. ट्रॅक्शन कंट्रोल १९८० च्या दशकात आले, गाडीचा तोल सावरणारे ईएसपी १९९५ मध्ये. शहरातल्या बहुतेक वाहनधारकांना हे पुरेसे आहे, हेही मान्य करायला हवे. शर्यती, डोंगरवाटा आणि भरपूर ताकदीच्या मोटारी यांच्यासाठी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल टिकून आहे, आणि आता बहुधा दोन्ही यंत्रणा एकाच गाडीत, एकाच संगणकाच्या हुकमाखाली नांदतात. भारतात प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून.

फर्ग्युसन गेले त्याच वर्षी, १९६० मध्ये, मद्रासला ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट म्हणजे टाफे ही कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झाली. तिचे लाल ट्रॅक्टर महाराष्ट्राच्या रानारानांत दिसतात, आणि आता जवळपास कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर असो, मागे ते तीन दांडे असतातच. ब्रेकचे दोन पेडलही असतात. शेतातून डांबरी रस्त्यावर येण्याआधी ते खटक्याने एकमेकांना जोडावे लागतात. वेगात एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर जागीच गिरकी घेतो.